घरी बीफ जर्की (मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या): तुकडीनिहाय नोंदी

साहित्य: मागच्या बाजूला पंखा असलेला सहा जाळ्यांचा डिहायड्रेटर (गरम हवेने वाळवणारं यंत्र), ५०० वॉट. साधा ओव्हन. बारीक टोकाचा, सळईसारखा डिजिटल थर्मामीटर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि मसाल्यांसाठी ०.१ ग्रॅमचा छोटा काटा. यातलं काही गाळायचंच असेल तर डिहायड्रेटर गाळा, ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवून भागतं. काटा आणि थर्मामीटर गाळले तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

नोंदींत 'मूळ वजन' म्हणजे मांस साफ केल्यानंतरचं, मसाला लावण्याआधीचं वजन. तापमान सेल्सियसमध्ये.

५ जानेवारी: मांस साफ करणं आणि कापणं

मागच्या मांडीचा, 'आय ऑफ राउंड' म्हणतात तो लांबट गोल तुकडा घेतला. वजन १,३१० ग्रॅम. जर्कीसाठी हा भाग सोयीचा, कारण चरबी जवळजवळ सगळी वरच्या थरात असते आणि धागे एकाच दिशेने जातात. मांडीचे बाकीचे भागही चालतात, पण त्यांत दोन स्नायूंच्या मधे चरबीची फट सापडते. तिथे तुकडा उघडूनच साफ करावा लागतो.

चरबी काढण्यात हयगय नको. चरबीत पाणी फारसं नसतं, त्यामुळे ती वाळत नाही, नुसती बसून राहते आणि यथावकाश खवट होते. स्नायूवरचा चंदेरी पापुद्राही काढला. सुरीचं टोक पापुद्र्याखाली घालायचं, पातं किंचित वर झुकवायचं आणि पापुद्रा ताणून धरून सुरी पुढे सरकवायची. तो राहिला तर वाळल्यावर दातात दोरीसारखा अडकतो. साफ केल्यावर १,१२० ग्रॅम उरलं. म्हणजे चौदा-पंधरा टक्के इथेच गेलं, खर्चाचा हिशेब करताना हे धरा.

कापण्याआधी दोन तास फ्रीजरमध्ये. बरोबर गोठलंय का हे अंगठ्याने कळतं: दाबल्यावर वरचा थर हटत नाही, पण जोर लावला की आतून किंचित दबतं. तो क्षण चुकून तुकडा दगड झाला, तर सुरी घसरते आणि बोटावर येते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा बघायचं. मऊ मांसाच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या हाताने निघत नाहीत, त्या नादाला लागू नका.

जाडी ५ मिमी. अर्ध्या पट्ट्या धाग्यांच्या दिशेने, अर्ध्या धाग्यांना आडव्या कापल्या. दोन्ही वेगळ्या डब्यांत, म्हणजे नंतर तुलना होईल.

६ जानेवारी: मसाला

मूळ वजनाच्या दर किलोला:

सोया सॉस ६० मिली, मीठ ८ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, व्हिनेगर ३० मिली, भरडलेली मिरी ५ ग्रॅम, लसूण पावडर ४ ग्रॅम, कांदा पावडर ३ ग्रॅम, मिरची पूड ३ ग्रॅम.

सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्के मीठ धरलं, तर ६० मिलीतून ११ ग्रॅमच्या आसपास मीठ येतं. वरचं ८ मिळून १९ ग्रॅम, म्हणजे दर किलोला १.९ टक्के. वाळल्यावर वजन निम्म्याहून कमी होणार आणि तेवढंच मीठ त्या निम्म्यात उरणार. त्यामुळे कच्च्या मांसावर खारट लागेल इतकं मीठ घातलंत तर शेवटी खाववणार नाही. सॉस बदलला की बाटलीवरचं सोडियम बघून वरचं मीठ कमीजास्त करा.

तेल घालायचं नाही, थेंबभरही नाही. ते पृष्ठभागावर बसतं, वाळू देत नाही आणि नंतर खवट होतं. ताजा लसूण-कांदाही नको. चिकटलेले तुकडे जाळीवर करपतात आणि खालची जागा ओली राहते.

बारा तास फ्रीजमध्ये, मधे एकदा खालवर केलं. ओट्यावर मुरवत ठेवायचं नाही.

७ जानेवारी: पहिली तुकडी, उकळून

वाळवणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी, की बीफ वाळवण्याआधी आतून ७१ अंशांपर्यंत तापवावं, कोंबडी-टर्की असेल तर ७४. मशीनवर ७० लिहिलंय म्हणजे झालं, असं होत नाही. पट्टीतून पाणी उडत असतं तोवर ते उष्णता ओढून घेतं आणि मांस हवेपेक्षा बरंच थंड राहतं. आज मुद्दाम एका कच्च्या पट्टीत सळई लांबीच्या दिशेने खुपसून पाहिलं. हवा ६१ वर असताना पहिला तासभर पट्टी ४० च्या आसपासच रेंगाळली. त्यानंतर मांस गरम होतं, पण तोवर ते कोरडं झालेलं असतं, आणि कोरड्यात अडकलेले जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय ओ१५७:एच७ या घातक जिवाणूची लागण झाली होती, त्यामुळे हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही.

आजची पद्धत: पट्ट्या मसाल्याच्या पाण्यातच उकळायच्या. मसाला पट्ट्या बुडण्याइतका नव्हता म्हणून ४०० मिली पाणी वाढवलं. एक पट्टी चिमट्याने काढून थर्मामीटरच्या टोकाभोवती गुंडाळायची, आकडा ७१ च्या वर गेला की सगळ्या बाहेर. पट्ट्या थोड्याथोड्या टाकल्या, नाहीतर पातेल्यातलं पाणी गार पडतं आणि वेळ वाढतो.

काय बिघडलं: वाढवलेल्या पाण्यात मीठ निघून गेलं. १९ ग्रॅम मीठ आता मांस आणि जवळपास अर्धा लिटर द्रव यांच्यात वाटलं गेलं आणि द्रव ओतून टाकला. जर्की फिकी झाली, मसाल्याचा वास तेवढा राहिला. रंगही करडा. पोतही भुसभुशीत, दाताखाली धागे सुटे होतात.

काय बरं झालं: उकळताना बरंच पाणी सुटल्यामुळे वाळायला चारच तास लागले.

डायलची भानगड: डायल ७० वर. मधल्या जाळीवर ६१, दाराजवळ सर्वांत खाली ५६. डायलवरचा आकडा कुठल्या कोपऱ्यात लागू पडतो कोण जाणे. प्रत्येक जाळीवर थर्मामीटर ठेवून अर्ध्या-अर्ध्या तासाने आकडे टिपले आणि कागद मशीनला चिकटवला. यापुढे '६०' म्हणजे मधल्या जाळीवर मोजलेले ६०.

धाग्यांच्या दिशेने कापलेल्या पट्ट्या चिवट, ओढून फाडाव्या लागतात. आडव्या कापलेल्या सहज तुटतात, पण जाळीवरून काढताना मोडतात. पुढे आडव्याच, मात्र किंचित तिरक्या.

८ जानेवारी: झालं हे कधी समजायचं

'सहा ते आठ तास वाळवा' या सूचनेचा काही उपयोग नाही. खोलीतली दमट हवा, पट्ट्यांची जाडी, जाळ्यांवरची गर्दी, सगळ्यांनी वेळ बदलतो. हाताने वाकवून बघणं ठीक, पण गरम पट्टी नेहमीच मऊ लागते, त्यामुळे माणूस जास्त वाळवतो. वजन फसवत नाही.

हिशेब असा. चरबी काढलेल्या एक किलो बीफमध्ये साधारण ७४० ग्रॅम पाणी, २२० ग्रॅम प्रथिनं, उरलेले ४० ग्रॅम चरबी आणि क्षार. व्यावसायिक जर्कीला अमेरिकेत पाणी आणि प्रथिनांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.७५ : १ असावं लागतं. २२० चे पाऊणपट १६५. म्हणजे मांसातले कोरडे २६० ग्रॅम, मीठ-साखर-मसाल्याचे चाळीस-पंचेचाळीस आणि १६५ पाणी, मिळून ४७० च्या आत-बाहेर. ही झाली वरची हद्द. मांसागणिक आकडे हलतात म्हणून हात राखून ४२ ते ४५ टक्के हे लक्ष्य ठरवलं. एक किलोचे ४२० ते ४५० ग्रॅम. उकळलेल्या तुकडीत पाण्याबरोबर थोडं मीठ आणि प्रथिनंही जातात, तिथे ४० टक्के धरा.

दर वेळी सगळं मोजत बसण्याची गरज नाही. रिकाम्या जाळीचं वजन घेऊन ठेवायचं, एका जाळीवरच्या पट्ट्यांचं मूळ वजन वेगळं लिहायचं आणि तीच जाळी काट्यावर ठेवत राहायचं. शेवटच्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने. हाताची परीक्षा त्यानंतर: पट्टी पाच मिनिटं गार करून वाकवायची. वरून तडे जावेत, तड्यात पांढुरके धागे दिसावेत, पण पट्टीचे दोन तुकडे होऊ नयेत. तडाच जात नसेल तर पाणी आहे, कट्‌कन तुटली तर जास्त वाळली.

१४ जानेवारी: दुसरी तुकडी, आधी वाळवून मग तापवून

मूळ वजन ९०० ग्रॅम. या पद्धतीत कच्च्या पट्ट्या वाळवायच्या आणि शेवटी १३५ अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापवायच्या. चव आणि पोत यात सर्वांत चांगला येतो. अट एकच, पट्ट्या ६ मिमीपेक्षा जाड नकोत.

६४० ग्रॅम पट्ट्या ५ मिमीच्या, २६० ग्रॅम मुद्दाम ८ मिमीच्या. जाळीवर घालण्याआधी किचन पेपरने टिपल्या. हे न करता ठिबकत्या पट्ट्या घातल्या की पहिला तास नुसता मसाल्याचं पाणी उडवण्यात जातो आणि खालच्या जाळीवर थेंब पडतात.

६० वर सहा तासांनी ५ मिमीच्या पट्ट्या २८६ ग्रॅमवर आल्या, म्हणजे ४४.७ टक्के. ओव्हनमधून आल्यावर २७३.

८ मिमीच्या सात तासांनीही ५३ टक्क्यांवर अडल्या होत्या. बाहेरून टणक, वाजवलं तर टकटक. मधोमध कापलं तर कडेला दोन मिमी गडद तपकिरी कवच आणि आत लालभडक, चकाकणारा गाभा. बोटाने दाबला की ओल लागते. बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाट बंद होते, मग कितीही तास द्या. उष्णता वाढवली तर कवच आणखी जाड होतं. हे तुकडे डब्यात बंद करून ओल सगळीकडे पसरू द्यावी आणि पुन्हा वाळवावेत, असा एक उपाय सांगितला जातो. आधीच तापवून घेतलेल्या मांसाला तो ठीक आहे. हा गाभा मात्र कच्चाच, तासन्‌तास कोमट राहिलेला. सगळं फेकलं. २६० ग्रॅम मांस आणि सात तासांची वीज पाण्यात.

पंख्याजवळच्या पट्ट्या दाराकडच्यांपेक्षा तासभर आधी तयार होतात. दर दीड तासाने जाळ्या खालीवर करा आणि पुढची बाजू मागे. ज्या झाल्या त्या काढत चला, सगळ्यांसाठी थांबू नका.

२१ जानेवारी: तिसरी तुकडी, झाकून तापवून

मूळ वजन १,००० ग्रॅम, जाडी ५ मिमी. उकळण्यातली सुरक्षितता हवी, पण पाणी घालायचं नाही. म्हणून पट्ट्या ट्रेमध्ये एका थरात पसरल्या, वर फॉइल घट्ट बसवली आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. झाकल्यामुळे वाफ आतच राहते, पट्टीचा पृष्ठभाग ओला राहतो आणि ओल्या उष्णतेत जंतू लवकर मरतात. बारा मिनिटांनी सगळ्यांत जाड पट्टी ७१ च्या वर. कोपऱ्यातली पट्टीही तपासा, तिथे उशीर होतो.

ट्रेमध्ये जवळपास १५० ग्रॅम रस सुटला. तो ओतून टाकला तर पहिल्या तुकडीसारखंच मीठ जाणार. अर्ध्या पट्ट्यांसाठी रस आटवून दाट केला आणि ब्रशने लावला. दिसायला सुरेख, वाळायला कटकट. साखरेचा तो लेप चिकट राहिला आणि त्या जाळ्यांना दीड तास जास्त लागला. उरलेल्या अर्ध्या पट्ट्या न आटवलेल्या गरम रसात फक्त घोळवून, निथळून जाळीवर घातल्या. चव तीच आणि चिकटपणा नाही.

घोळवलेल्या पट्ट्या साडेचार तासांत ४३ टक्क्यांवर. वीज मीटरवर मोजली, डिहायड्रेटर आणि ओव्हन मिळून अडीच युनिटच्या आत.

ज्या चिमट्याने कच्च्या पट्ट्या ट्रेमध्ये ठेवल्या त्याने तापवलेल्या उचलायच्या नाहीत. साधी गोष्ट, पण घाईत हीच राहते.

२८ जानेवारी: नायट्राइटची तुकडी

क्युअरिंग सॉल्ट नंबर १ (मांस मुरवण्या-टिकवण्यासाठीचं खास मीठ), म्हणजे ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट, बाकी साधं मीठ. मूळ वजनाच्या दर किलोला २.५ ग्रॅम, त्यातून मांसात १५६ पीपीएम (दहा लाखांत १५६ भाग) नायट्राइट जातं. यापेक्षा जास्त नाही. चमच्याने मोजायची ही वस्तूच नव्हे, छोटा काटा याच्यासाठीच. आधी सोया सॉसमध्ये पूर्ण विरघळवायचं, मग मांसावर. कोरडं भुरभुरवलं तर एका पट्टीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही.

ते गुलाबी असतं कारण साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून रंग घातलेला असतो. गुलाबी सैंधव वेगळं, त्यात नायट्राइट नाही. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नका.

रंग छान तांबूस आला, चव थोडी हॅमकडे झुकणारी. ७१ अंशांची पायरी याने टळत नाही, तीही केलीच. घरच्या दोन-तीन आठवड्यांत संपणाऱ्या जर्कीला याची गरज मला वाटत नाही. ज्यांना तो रंग आणि ती चव हवी त्यांच्यासाठी ही नोंद.

४ फेब्रुवारी: खिम्याची जर्की

५०० ग्रॅम, कमीत कमी चरबीचा खिमा. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले, त्यामुळे इथे आधी तापवणंच बरं. पहिल्या पट्ट्या जाळीवरच मोडल्या. मीठ-मसाला घालून खिमा हाताला तार सुटेपर्यंत चार-पाच मिनिटं मळला, तेव्हा पट्ट्या धरून राहिल्या. दोन बटर पेपरमध्ये ५ मिमी लाटून, मग कापून घेतल्या. तापताना वर चरबीचे मणी येतात, ते टिपून घ्यायचे. चावायला सोपी, पण जर्कीचा चिवटपणा यात नाही. पुन्हा करणार नाही.

९ फेब्रुवारी: बरण्या

वाळलेल्या पट्ट्या पूर्ण गार करून काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरल्या आणि झाकण लावून ओट्यावर ठेवल्या. बरणी काचेचीच घ्या, कारण आतून घाम आला तर दिसतो. एका बरणीत तासाभरात झाकणाखाली बाष्प धरलं. तीत लेप लावलेल्या पट्ट्या होत्या. लगेच बाहेर काढून आणखी पाऊण तास वाळवल्या. बाकीच्या बरण्या रात्रभर कोरड्या राहिल्या.

साठवण: घट्ट झाकणात खोलीच्या तापमानाला दोन आठवडे, त्यापुढची फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये. व्हॅक्यूमच्या पिशवीवर फार विसंबू नका. हवा काढल्याने बुरशी आणि खवटपणा लांबतो, पण ओली राहिलेली जर्की त्याने सुरक्षित होत नाही.

तपासायला म्हणून कडेची चरबी ठेवलेल्या दोन पट्ट्या वेगळ्या डबीत आहेत.

२ मार्च

चरबीवाली डबी उघडली. जुन्या तळणीच्या तेलाचा वास. शेजारच्या साफ पट्ट्यांना वास नाही.

फ्रीजमधल्या एका बरणीत पट्ट्यांवर पांढरी पूड दिसली. भिंगाखाली कोरडे, टोकदार कण, ओल्या बोटाने पुसले की विरघळतात आणि खारट लागतात. मिठाचे स्फटिक. बुरशी असती तर कापसासारखी, मळकट हिरवी-राखाडी दिसली असती आणि मग चाखण्याचा प्रश्नच नव्हता, अख्खी बरणी फेकायची.

फ्रीजरमधली पिशवी काढल्या काढल्या उघडली, तर पाच मिनिटांत सगळ्या पट्ट्या दमट. बाहेरची ओलसर हवा गार मांसावर बसते. दुसरी पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दिली, दोन तास लागले. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरलं, पुसून टाकलं. आतल्या पट्ट्या ४३ टक्क्यांवर भरल्या होत्या, आजही तेवढ्याच.

दमट झालेल्या पट्ट्या अर्धा तास ६० वर ठेवून त्याच दिवशी संपवायला काढल्या. पुढच्या वेळी शंभर-शंभर ग्रॅमच्या पिशव्या.